रिकाम्या बाकांची हजेरी

ठाण्याच्या गोखले रस्त्याने, कल्याणच्या शिवाजी चौकातून किंवा डोंबिवलीच्या फडके रस्त्याने जून महिन्यात मान वर करून चालणाऱ्या कोणाही नागरिकाला एक मौज पाहायला मिळते. दिव्याच्या खांबांवर, रिक्षांच्या पाठीवर, पुलांच्या कठड्यांवर कोवळ्या पोरांचे चेहरे टांगलेले असतात. प्रत्येकाच्या गळ्याखाली ९९.८, ९९.९ असे पर्सेंटाइलचे आकडे आणि त्याखाली हातभर अक्षरांत शिकवणीचे नाव. एक नाव मात्र त्या फलकावर कधीच नसते. ज्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर ते पोर दोन वर्षे नांदले, ज्याच्या प्राचार्यांनी त्याच्या पंचाहत्तर टक्के हजेरीवर सहीशिक्का उमटवला, ज्याच्या प्रयोगशाळेने त्याला प्रात्यक्षिकाचे तीसपैकी एकोणतीस गुण बहाल केले, ते महाविद्यालय आपल्याच विद्यार्थ्याच्या या पराक्रमावर हक्क सांगायला पुढे येत नाही. त्याला लाज वाटते. या साऱ्या व्यवहारात तेवढी लाजच काय ती खरी आहे.

व्यवहार कसा चालतो हे या तिन्ही शहरांत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त मंत्रालयाला. शिकवणीवाला आणि संस्थाचालक यांचा 'टाय-अप' होतो. मग शिकवणीवाला पालकाला समोर बसवून सांगतो की अकरावीच्या ऑनलाइन अर्जात पहिली पसंती अमक्या कॉलेजची टाका, तिथला कट-ऑफ खाली असतो, यादीची चिंता नको, हजेरीची तर मुळीच नको. पोराला तिकडे पाठवायचे ते फक्त ओळखपत्र घ्यायला आणि बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरायला. याला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव आहे. लोक त्याला सरळ 'डमी' म्हणतात, आणि लोकांचा शब्द नेहमीप्रमाणे अधिक प्रामाणिक आहे. एकात्म झालेले असते ते दोन गल्ल्यांचे हित. कॉलेजची फी या गल्ल्यात पडते, शिकवणीची लाखांतली फी त्या गल्ल्यात पडते, आणि ज्याच्या खिशातून दोन्ही जातात त्या बापाला वाटते की आपण पोराचे भाग्य विकत घेतले.

संस्थाचालक या पंक्तीला का बसतात, याचे उत्तर सरकारच्याच आकड्यांत आहे. २०२५ साली राज्यात दहावी उत्तीर्ण झाले १४ लाख ५५ हजार विद्यार्थी. अकरावीच्या जागा होत्या २१ लाखांहून अधिक. ज्याने मागितली त्याला तुकडी, ज्याने हात ओला केला त्याला मान्यता, ज्याच्या मागे आमदार त्याला विनाअनुदानित विज्ञान शाखा, असा खैरातीचा कारभार वर्षानुवर्षे चालला. आणि आता पोरांहून बाके जास्त झाली, तेव्हा तुकडी जगवायची तर पट हवा, आणि पट आणून देतो तो शिकवणीवाला. उद्या त्याने पाठ फिरवली तर परवा तुकडी बंद. अशा कॉलेजात शिकवणीवाला पाहुणा नसतो, तो यजमान असतो, आणि प्राचार्य त्याच्या दारातला कारकून.

पण श्रीमंताच्या पोराने कॉलेज चुकवले म्हणून आम्ही एवढी शाई सांडणार नाही. आमचा प्रश्न निराळ्या पोराचा आहे. दिव्याच्या चाळीतून, उल्हासनगरच्या कॅम्पातून, टिटवाळ्याहून किंवा शहापूरच्या पाड्यावरून एक मुलगी सकाळची गाडी पकडून येते. तिच्या घरात लाखाची शिकवणी परवडणारी नाही. तिने सरकारच्या शब्दावर विश्वास ठेवला आहे: दहावीत चांगले गुण मिळव, यादीत नाव लागेल, कॉलेजात शिकवतील, परीक्षा दे आणि इंजिनीअर हो. यादीत तिचे नाव लागते. कॉलेजात ती पोहोचते. आणि तिथे पदार्थविज्ञानाच्या तासाला एकशेवीस पटाच्या वर्गात सात-आठ डोकी पाहून तासिका तत्त्वावर नेमलेला, महिनोन्महिने पगाराची वाट पाहणारा शिक्षक फळ्याकडे न वळता म्हणतो, आज एवढीच आहात, तर जा. उद्याही एवढीच असतात. परवाही. प्रयोगशाळेचे कुलूप निघते ते प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात. ज्यांनी पैसे मोजले त्यांची शिकण्याची जागा दुसरीकडे आहे. जिने पैसे मोजले नाहीत तिची जागा हीच होती, आणि ती त्यांनी रिकामी करून टाकली. लबाडी नियमांशी झाली असे अधिकारी म्हणतील. आम्ही म्हणतो, ही चोरी आहे, आणि ती या मुलीच्या घरात झाली आहे.

आता परीक्षा मंडळाचा चमत्कार पाहा. बारावीच्या विज्ञान शाखेत पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र या विषयांना सत्तर गुणांचा लेखी पेपर आणि तीस गुणांचे प्रात्यक्षिक. वर्ग ओस, प्रयोगशाळांवर धूळ. तर निकाल कोसळायला हवा. २०२५ साली बारावीचा एकंदर निकाल ९१.८८ टक्के लागला, कला शाखेचा ८०.५२, वाणिज्यचा ९२.६८, आणि विज्ञानाचा ९७.३५! ज्या शाखेचे वर्ग सर्वांत रिकामे, तिचा निकाल सर्वांत भरलेला. विज्ञानाकडे हुशार मुले वळतात हे आम्हांस मान्य आहे; पण ज्या मुलाने परीक्षानळी हातात धरली ती फक्त परीक्षेच्या दिवशी, त्याच्या नावावर प्रात्यक्षिकाचे भरघोस गुण कोणत्या रासायनिक अभिक्रियेने तयार होतात, हे मंडळाने एकदा आम्हांस समीकरण मांडून दाखवावे.

गुणांची ही टांकसाळ बारावीपुरती असती तरी एक वेळ चालले असते. दहावीचा इतिहास याहून उद्बोधक आहे. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांतले शाळेच्या हातचे अंतर्गत वीस गुण काढून घेतले आणि दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून एकदम ७७.१० टक्क्यांवर आला. शंभर टक्के गुण मिळवणारे त्या वर्षी अवघ्या राज्यात २० निघाले. ओरड झाली, इतर मंडळांच्या पोरांपुढे आमची पोरे अकरावीत मागे पडतील, अशी भीती दाखवली गेली, सरकारने मुकाट्याने वीस गुण परत दिले. २०२० साली निकाल लागला ९५.३० टक्के, आणि शंभर टक्क्यांचे मानकरी झाले २४२. महाराष्ट्राच्या बालकांची बुद्धी बारा महिन्यांत अठरा टक्क्यांनी फुगली! त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हे खरे. पण भूगोल गाळल्याने एवढी हुशारी येत असेल तर तो कायमचाच गाळावा. २०२५ साली हे शतकवीर २११ होते. नव्वद टक्के मिळवूनही डोंबिवलीचा मुलगा रुईया, रुपारेल, वझेच्या यादीत आपले नाव शोधत बसतो आणि बाप विचारतो, अरे नव्वद म्हणजे काय कमी आहेत का? कमी नाहीत. फक्त त्या नाण्यात चांदी उरलेली नाही.

याआधीही सरकारने हेच खेळ केले. इतर मंडळांच्या गुणांशी बरोबरी साधायला २००८ साली पर्सेंटाइलचे सूत्र काढले, ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ साली नव्वद-दहाचा कोटा काढला, तोही टिकला नाही. २०१० साली सहातले उत्तम पाच विषय धरण्याचा तोडगा आणला, तो उच्च न्यायालयाने उडवला आणि सर्वोच्च न्यायालयाने वाचवला. शिक्षण सुधारण्याऐवजी आकडे सुधारण्याचा हा रोग जुना आहे. फरक एवढाच की पूर्वी त्याला अधूनमधून न्यायालयात पथ्य मिळत असे.

आकड्यांनी फसवायचे आणि वेळेनेही नाडायचे, अशी ही दुधारी करवत आहे. दहावीचा शेवटचा पेपर मार्चच्या मध्याला संपतो. एप्रिलमध्ये शिकवणीची बॅच सुरू होते. २०२५ साली निकाल १३ मे रोजी लागला, लवकर लागला म्हणून सरकारने स्वतःची पाठ थोपटून घेतली, संपूर्ण राज्याचा प्रवेश प्रथमच एका संकेतस्थळावर आणल्याची द्वाही फिरवली. आणि २१ मे रोजी नोंदणी उघडताच ते संकेतस्थळ आडवे झाले. नोंदणी २६ मे रोजी पुन्हा सुरू झाली. अल्पसंख्याक संस्थांतल्या जागांवर सामाजिक आरक्षण लावण्याचा अविचार केला, उच्च न्यायालयाने त्याला जूनमध्ये स्थगिती दिली, तेव्हा तो थांबला. पहिली यादी लागली २८ जून रोजी, ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना जागा देणारी. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसे होते त्याचे तीन महिने शिकवणीत पार पडत आले असताना, ज्याच्याकडे नव्हते ते पोर सायबर कॅफेत 'आपली नोंदणी सापडत नाही' हे वाक्य वाचत बसले होते. सरकारी दिरंगाईसारखा शिकवणीचा दुसरा जाहिरातदार नाही, आणि तो फुकट काम करतो.

दोन वर्षांनी हेच पोर सीईटीला बसते तेव्हा काय होते, तेही २०२५ ने दाखवून दिले. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत तब्बल २१ प्रश्नांचे पर्याय चुकलेले निघाले. एक-दोन नव्हे, एकवीस! ज्या परीक्षेत एका गुणाने शेकडो मुले मागेपुढे होतात, तिथे सीईटी कक्षाने एकवीस प्रश्नांची माती केली आणि २७ हजार ८३७ विद्यार्थ्यांना पुन्हा परीक्षेला बसवले, तेही कोणत्या दिवशी? ५ मे रोजी, ज्या दिवशी दुपारी बारावीचा निकाल जाहीर होत होता. देशपातळीवर त्याआधीच्या वर्षी 'नीट'चे जे धिंडवडे निघाले, सदुसष्ट जणांना ७२० पैकी ७२०, १५६३ जणांना वाढीव गुण, मग ते मागे, मग फेरपरीक्षा, आणि पेपरफुटीचे धागे थेट आपल्या लातूरपर्यंत, ते वाचकांच्या स्मरणात आहेत. विद्यार्थ्याने एक गोळा चुकीचा काळा केला तर एक वर्ष गेले. परीक्षा घेणाऱ्याने एकवीस चुका केल्या तर एक पत्रक निघते.

अशा या बाजारात शिकवणीवाला विकतो तरी काय? आशा विकतो, आणि वजनात मारतो. २०२५ साली जेईई मेनला देशभरातून पावणेपंधरा लाखांच्या घरात मुले बसली. आयआयटीच्या साऱ्या जागा १८,१६०. शंभरांतून एकाला जागा मिळते आणि दुसऱ्याला मिळतामिळता राहते. 'नीट'मध्ये १२ लाख ३६ हजार मुले 'पात्र' ठरली, आणि एमबीबीएसच्या देशभरच्या जागा, सरकारी व खासगी मिळून, सव्वा लाखाच्या आसपास. मुंबईच्या व्हीजेटीआयत किंवा पुण्याच्या सीओईपीत संगणक शाखा हवी असेल तर खुल्या गटाला ९९ पर्सेंटाइलही पुरत नाहीत. हे गणित पाचवीच्या पोराला कळेल. पण कल्याणच्या एखाद्या शिकवणीच्या वातानुकूलित केबिनमध्ये बसलेल्या समुपदेशकाला ते कळत नाही. तो मुलाची दहावीची गुणपत्रिका पाहतो, त्या फुगीर आकड्यांकडे बोट दाखवतो आणि बापाला म्हणतो, साहेब, पोटेन्शियल आहे. मंडळाने छापलेले खोटे नाणे इथे वटते. सरकारची टांकसाळ आणि शिकवणीची पेढी या दोन निराळ्या संस्था आहेत, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या केबिनमध्ये एकदा बसून यावे.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची करणारा शासन निर्णय जून २०१८ चा आहे, श्री. विनोद तावडे शिक्षणमंत्री असतानाचा. यंत्रे बसली, काही ठिकाणी भिंतीवर अजून आहेत; बोटे मात्र शिकवणीत होती, आणि बोटाविना यंत्राला हजेरी कशी मिळाली हे तपासायला कोणी आले नाही. खासगी शिकवण्यांना वेसण घालणाऱ्या कायद्याचा मसुदा त्याच सुमारास तयार झाला आणि दप्तरात निजला. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये शिकवण्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्यांना घेऊ नका, गुणवत्ता यादीच्या हमी देऊ नका, आणि मुख्य म्हणजे शाळा-कॉलेजच्या वेळात शिकवणी घेऊ नका, कारण त्याने हजेरी बुडते. इतके स्वच्छ शब्द सरकारी कागदावर क्वचित येतात. फसव्या जाहिरातींवर नोव्हेंबर २०२४ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचे निराळे नियम आले. त्यानंतरच्या जूनमध्येही फडके रस्त्यावरचे फलक तिथेच होते, सकाळी दहा ते चार या वेळात शिकवण्यांचे वर्ग भरलेले होते, आणि समोरच्या कॉलेजांचे वर्ग ओस.

कोण कोणाला धरणार? ज्याने तपासणी करायची त्या शिक्षणाधिकाऱ्याचे पोर कोठे शिकते, हे आम्ही विचारणार नाही. विचारावे असे मात्र वाटते. ज्याने कायदा करायचा त्याच्या स्वतःच्या, मेव्हण्याच्या किंवा उजव्या हाताच्या नावावर एखादी शिक्षणसंस्था असतेच. ज्याने मान्यता काढायची त्याने ती दिलेली असते. दर अधिवेशनात एक सदस्य प्रश्न विचारतो, एक मंत्री 'कठोर कारवाई'ची घोषणा करतो, दोघेही चहाला एकत्र जातात. कुंपण शेत खाते म्हणून आपण आजवर रडत आलो. इथे कुंपणाने शेत भाड्याने दिले आहे आणि भाडे वेळेवर येते आहे.

आणि हे सारे कोणत्या गावात? २०११ च्या जनगणनेत, पालघर वेगळे होण्याआधी, १ कोटी १० लाख लोकसंख्येने ठाणे हा देशातला सर्वांत मोठा जिल्हा ठरला होता. एवढ्या लोकसंख्येच्या नशिबी कळव्याचे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय होते. दुसरे सार्वजनिक वैद्यकीय महाविद्यालय अंबरनाथला उगवायला २०२४ साल उजाडले. डोंबिवली साहित्य संमेलन भरवते, गुढीपाडव्याला शोभायात्रा काढते, सुशिक्षितांचे शहर म्हणवून घेते; आणि तिच्या मुलांना चांगले कॉलेज हवे असेल तर सकाळी फलाटावर उभे राहून माटुंगा, मुलुंड गाठावे लागते. त्या गाड्यांत काय होते ते ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ साऱ्या देशाने पाहिले. दारात लटकलेली माणसे रुळांवर पडली, चौघे त्याच दिवशी गेले. घराजवळचे कॉलेज पोकळ केले की पोर दूर जाते, आणि दूर जाण्याची वाट या मार्गावर अशी आहे.

कल्याणला तर याहून मोठी लाज वाटायला हवी. १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशी इथल्याच. वयाच्या अठराव्या वर्षी, १८८३ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला तो त्यांनी लिहिलेल्या अर्जाच्या पत्रावर, आणि त्या पत्रात आपली तयारी कॉलेजच्या अटींना पुरी पडणार नाही हे त्यांनी स्वतःच कबूल केले होते. मागणाऱ्या मुलीने खरे सांगितले आणि देणाऱ्या संस्थेने ते खरे मानून दार उघडले. तीन वर्षांत ती डॉक्टर झाली. जवळजवळ दीडशे वर्षांनी त्याच कल्याणात आम्ही सोळा वर्षांच्या पोराला पहिल्या दिवशी काय शिकवतो? की न गेलेल्या तासाच्या हजेरीवर सही कर. वैद्यकशास्त्राच्या दारातला हा पहिला धडा आहे. उद्या हाच डॉक्टर न तपासलेल्या रोग्याच्या कागदावर सही करील तेव्हा आपण हळहळू नये.

या पापात आमचाही वाटा आहे, आणि तो आम्ही लपवणार नाही. शिकवण्यांच्या पानभर जाहिराती वृत्तपत्रे छापतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर शिकवणीवाल्याचा फोटो असतो आणि आतल्या पानावर अग्रलेख. वाचकांनी आम्हांस यासाठी जोडे मारले तर आम्ही ते मोजून घेऊ. पण ज्यांच्या हाती सही आहे त्यांना आधी.

आमचा निकाल स्पष्ट आहे. शिकवणीशी साटेलोटे सिद्ध झालेल्या तुकडीची मान्यता त्याच वर्षी रद्द व्हावी आणि तिथल्या मुलांना शेजारच्या अनुदानित कॉलेजात जागा मिळावी. प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक दुसऱ्या जिल्ह्यातून यावा. अकरावीची यादी मे महिन्यातच लागावी. आणि प्रत्येक विज्ञान कॉलेजच्या दारावर त्या दिवशी वर्गात बसलेल्या पोरांचा आकडा खडूने लिहिलेला असावा, कारण खडूचा आकडा शेजारचा दुकानदारही वाचतो. यासाठी नवी समिती नको, अभ्यासदौरा नको, अॅप तर नकोच नको. शिक्षणमंत्र्यांना यातले काही खोटे वाटत असेल तर त्यांनी ऑगस्ट महिन्यातल्या कोणत्याही मंगळवारी, आधी न कळवता, दिवा-पताका न लावता, सकाळी अकराच्या लोकलने कल्याणला उतरावे, स्टेशनाबाहेर कोणत्याही रिक्षावाल्याला 'इंटिग्रेटेड कॉलेज कुठे आहे' असे विचारावे, तो नेईल तिथल्या बारावी विज्ञानाच्या वर्गात जाऊन उभे राहावे आणि डोकी मोजावीत. हातांची बोटे पुरतील.